सातव्या वळणावरची खुर्ची

मंगळवारी दुपारी आम्ही खुर्च्या मांडल्या. शर्यत गुरुवारी येणार होती.

हे मी ताईला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग ती म्हणाली, "सहा दिवसांवर आषाढी आलीय. माणसं पंढरीच्या वाटेवर आहेत, आणि तू माझ्या पोराला घेऊन परमुलखात सायकली बघत बसलायस?" खरं तर नेमकं उलट होतं. तिच्या पोरानेच मला तिथे बसवलं होतं. "मामा, हॉलंडला येताच आहात तर तुम्हाला आल्प्स दाखवतो," असं तो म्हणाला होता. आल्प्स म्हटल्यावर बर्फ, चॉकलेट आणि हिंदी सिनेमातल्या नायिकेची शिफॉनची साडी एवढ्या तीन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर येतात. भाच्याने आइंडहोवनहून हजारेक किलोमीटर गाडी हाकली, एका डांबरी रस्त्याच्या वळणावर मला उतरवलं, घडीची खुर्ची उघडून दिली आणि म्हणाला, "हे आल्प्स." भाच्याने मामाचा मामा करायचा ही आपल्याकडची जुनीच रीत, त्यामुळे मी मुकाट्याने बसलो. खुर्चीला हात नव्हते, याची नोंद इथेच करून ठेवतो.

जागेचं नाव आल्प द्युएझ. साल २०१८, महिना जुलै. टूर द फ्रान्स तीन आठवडे चालते, पण तिच्या चाहत्याला विचारलंत तर तो सांगेल की खरी शर्यत घाटात होते, बाकी सगळा प्रवास. आणि घाटांमध्येही या घाटाचा तोरा वेगळा. खालच्या बूर द्वाझां गावातून वर १३.८ किलोमीटर, सरासरी आठ टक्क्यांचा चढ आणि एकवीस वळणं. वळणांना नंबर आहेत, पण उलटे. तळाशी एकविसावं, माथ्याशी पहिलं. म्हणजे सायकलवाला जसजसा थकत जातो तसतसा आकडा लहान होतो. फ्रेंचांनी दाखवलेली ही एवढीच दया. प्रत्येक वळणावर पूर्वीच्या एकेका विजेत्याच्या नावाची पाटी. १९५२ साली टूर इथे पहिल्यांदा आली आणि फाउस्तो कोप्पी जिंकला. पुढे विजेते वाढत गेले, वळणं मात्र एकवीसच राहिली. मग काही पाट्यांवर दुसरं नाव चढलं. एका खोलीत दोन बिऱ्हाडं.

आमचं वळण सातवं. त्याला डच कॉर्नर म्हणतात. तिथे एक जुनं चर्च आहे, आणि चर्च सोडून बाकी सगळं नारिंगी होतं. शर्ट नारिंगी, टोप्या नारिंगी, तंबू नारिंगी, दुपारच्या उन्हाने आणि बिअरने माणसंही नारिंगी. त्याच रविवारी फ्रान्सने फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला होता आणि हॉलंडचा संघ त्या स्पर्धेला पात्रच ठरला नव्हता. त्यामुळे त्या वर्षी साऱ्या देशाचा न वापरलेला नारिंगी माल या एका वळणावर उतरला असावा, असा माझा अंदाज. माझ्या बॅगेत एक भगवं उपरणं होतं, ते मी गळ्यात घातलं. एका तासात सहा अनोळखी लोकांनी मला मिठी मारली.

आमच्यासाठी जागा धरली होती भाच्याच्या शेजारच्या आजोबांनी. ते माझ्यापेक्षा फार तर आठ-नऊ वर्षांनी मोठे, पण भाच्याच्या मुली त्यांना आजोबा म्हणतात म्हणून मीही म्हणू लागलो. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात. आजोबांनी रविवारपासून कॅम्पर व्हॅन टाकली होती. व्हॅनमध्ये आजी. आजी दोन दिवसांत क्वचितच बाहेर आल्या. आत टीव्ही होता, विणकाम होतं आणि पंखा होता. "त्यांना सायकलची आवड नाही वाटतं?" मी भाच्याला विचारलं. तो नुसता हसला.

आजोबा १९७६पासून या घाटात येतात. त्या साली इथे योप झूटेमेल्क जिंकला. या आडनावाचा शब्दशः अर्थ गोड दूध. तो विजय धरून पुढच्या तेरा वर्षांत डच लोकांनी हा घाट आठ वेळा मारला. सपाट देशातली माणसं, ज्यांच्या घराजवळ उंच म्हणून फक्त पूल असतो, ती इथे येऊन डोंगर जिंकायची. वरच्या गावात तेव्हा पाद्रीही डच होता आणि आपला गडी जिंकला की तो चर्चची घंटा बडवायचा. त्या आठातला एक विजय आजोबा जरा हळू आवाजात सांगतात. १९७८ साली इथे पहिला आला तो बेल्जियमचा मिशेल पोलेंटिएर. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याचा पिवळा शर्टही त्यालाच मिळाला. मग उत्तेजकांच्या तपासणीला लघवीचा नमुना द्यायची वेळ आली, तेव्हा स्वच्छ लघवीने भरलेला रबरी फुगा नळीसकट त्याच्या काखेत सापडला. पंचांनी त्याला घरी पाठवलं आणि दुसरा आलेला हेनी कायपर पहिला झाला. काखेत कळसा ही म्हण मी आजोबांना समजावून सांगितली. त्यांनी ती वहीत उतरवून घेतली.

तोवरचा शेवटचा विजय १९८९चा. त्यानंतर एकही नव्हता. आजोबा मात्र दर खेपेला यायचे, आणि दर खेपेला सांगायचे की या वेळी आपलाच.

आता दोन दिवस तिथे माणसं करतात काय, तर अंदाज. त्याखेरीज दुसरा उद्योग नाही. बसल्या जागी माणूस तज्ज्ञ होतो. फरक इतकाच की आपला क्रिकेटवाला "त्याने पूल मारायला नको होता" असं बॉल पडल्यावर सांगतो, आणि हे लोक गडी अजून दोनशे किलोमीटर लांब हॉटेलात झोपलेला असताना तो कितव्या वळणावर ढेपाळणार ते सांगतात. पुरावा म्हणून वॅट काढतात. अमुक माणूस अमुक किलोचा, पायात अमुक वॅटची ताकद, भागाकार केला की निकाल. मी वॅट फक्त बल्बवर वाचलेले.

पण त्यामागचं शास्त्र खरं आहे आणि आजोबांनी ते मला बिअरच्या झाकणांवर शिकवलं. सपाट रस्त्यावर पुढचा वारा कापतो आणि मागचा त्याच्या आडोशाने फुकट जातो. गर्दीच्या लोकलमधून माणूस स्वतः पाऊल न उचलता दादरला उतरतो, तसं. म्हणून सपाटीवर दीडशे गडी एका गठ्ठ्यात येतात आणि कोण चांगला ते कळत नाही. प्रत्येक संघात पुढाऱ्यासाठी वारा कापायला आणि पाण्याच्या बाटल्या वाहायला माणसं नेमलेली असतात. त्यांना फ्रेंचमध्ये म्हणतातच मुळी घरगडी. घाट लागला की वेग ताशी वीसवर येतो, वाराच उरत नाही, आडोशाला फारशी किंमत राहत नाही. मग प्रत्येकाला आपलं वजन आपणच वर न्यावं लागतं. सायकलचं वजन कमी करून भागत नाही, कारण ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल नियमात बसत नाही. बुधवारी सकाळपासून हौशी सायकलवाले आमच्यासमोरून वर चढत होते. सायकल सात किलोची, वर बसलेला माणूस शंभराचा. हे बघितल्यावर मला शास्त्र पूर्ण पटलं.

बुधवारी संध्याकाळी अंदाजांना पूर आला. त्या दिवशीचा टप्पा जिंकून गेरेंट थॉमसने पिवळा शर्ट मिळवला होता, आणि त्याच्याच संघात चार टूर जिंकलेला क्रिस फ्रूम होता. संघ म्हणत होता पुढारी फ्रूमच. एका घरात दोन कर्ते पुरुष म्हटल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांना काय आनंद होतो हे मी तुम्हाला सांगायला नको. डाव्या तंबूतले इंग्रज म्हणाले फ्रूम. त्यांच्यातला एक वेल्सचा होता, तो उठून म्हणाला थॉमस. उजवीकडचं फ्रेंच जोडपं टेबलावर कापड अंथरून रीतसर जेवत होतं. काकू सुरी खाली न ठेवता म्हणाल्या, बार्दे. आजोबा म्हणाले टॉम डुमुलँ. सगळ्यांचे वॅट एकच होते, भागाकार एकच होता, फक्त उत्तर पासपोर्टप्रमाणे बदलत होतं. या शर्यतीत माझ्या देशाचा कुणीच नव्हता, म्हणून मला पंच नेमण्यात आलं. रात्री दहा वाजता एका तरुण डच माणसाने मला गंभीरपणे विचारलं, "तुमचं काय मत?" मी म्हणालो, "ज्याला कमी घाम येईल तो." त्याने मान डोलावली आणि मित्रांना जाऊन सांगितलं. सकाळपर्यंत हे मत तीन तंबूंत पसरलं होतं.

मलाही एकदा भाव खाता आला. आमच्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, असं मी सांगितलं. आजोबांना ते नाव अतोनात आवडलं. टूरमध्ये घाटाच्या राजाला १९७५पासून पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा शर्ट देतात. आपल्याकडे तसला शर्ट बालवाडीतलं पोरसुद्धा रडल्याशिवाय घालणार नाही.

त्या रात्री रस्ता रंगवण्यात आला. चुना, ब्रश, रोलर घेऊन माणसं डांबरावर आपापल्या वीरांची नावं लिहीत होती. आपल्याकडच्या निवडणुकीच्या भिंती आठवल्या. मात्र इथे नावांच्या जोडीला काही चित्रंही असतात, जी चारचौघांत वर्णन करता येत नाहीत. टीव्हीचा कॅमेरा हेलिकॉप्टरमधून खाली बघत असतो आणि चित्रं बरीच मोठी काढलेली असतात. त्यावर टूरने उपाय असा शोधलाय की शर्यतीच्या पुढे रंगाचे डबे घेतलेली दोन माणसं गाडीतून जातात आणि त्या चित्रांत चार रेघा वाढवून त्यांचं घुबड किंवा फुलपाखरू करतात. मी सकाळी एक ताजं घुबड पाहिलं. त्याचा मूळ विषय लपला नव्हता, पण घुबड सुरेख होतं. एवढा कलावंत माणूस नगरपालिकेत असायला हवा.

उंच पर्वतांतल्या शर्यतीची सुरुवातच मुळी एका थापेने झालीय, हेही आजोबांनी त्याच रात्री सांगितलं. १९१० साली टूर पिरेनीज पर्वतात न्यायचं ठरत होतं. आल्फोन्स स्टेनेस नावाचा माणूस तूर्मालेची खिंड बघायला गेला. त्याची मोटार बर्फात अडकली, तो रात्री अंधारात पायी निघाला, घसरला, वाट चुकला आणि अर्धमेला होऊन पहाटे कसाबसा पलीकडच्या गावात पोचला. तिथून त्याने पॅरिसला साहेबांना तार केली की खिंड ओलांडली, रस्ता उत्तम आहे. पाहणी अहवाल कसा लिहावा याचा हा आदर्श आपल्या कैक खात्यांनी डोळ्यांसमोर ठेवलेला दिसतो.

गुरुवार उजाडला. जागा मिळेल तिथे माणूस होता. शर्यतीच्या दोनेक तास आधी जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक येते. ही प्रथा १९३०पासूनची. दीडएकशे गाड्या, कुणावर भलामोठा कोंबडा, कुणावर घराएवढी बाटली, आणि त्यातून पोरं गर्दीवर वस्तू फेकतात. किल्लीच्या साखळ्या, सॉसेजची पाकिटं, ठिपक्यांच्या टोप्या. सगळं मिळून शे-दोनशे रुपयांचं सामान. पण हवेतून फुकट येणारी वस्तू म्हटल्यावर माणसाचं काय होतं ते मी तिथे पाहिलं. कापड अंथरून जेवणाऱ्या फ्रेंच काकू एका टोपीसाठी रस्त्यावर आडव्या झाल्या. आणि मी, बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस, साबणाच्या एका पाकिटासाठी दहा वर्षांच्या पोराशी झटलो. पाकीट मला मिळालं. पोराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेलो नाही. पाकीट पुण्याच्या घरी आहे, फोडायचा धीर होत नाही.

मिरवणूक गेली आणि पुन्हा वाट बघणं. फोनचं नेटवर्क एव्हाना गर्दीखाली चेंगरलं होतं. शर्यत मादलेनचा घाट चढली का, क्रवा द फेरवर कोण पुढे आहे, काही कळेना. मग अफवा वर चढू लागल्या. खालच्या वळणावरून वरच्या वळणावर बातमी येई आणि येता येता तिचे हातपाय वाढत. फ्रूम पडला. नाही, उठला. थॉमस फुटला. नाही, तो दुसरा थॉमस. एवढ्यात व्हॅनची खिडकी सरकली आणि आजींनी एकच वाक्य टाकलं, "क्राउसवाइक एकटा पुढे आहे." खिडकी बंद.

स्टीव्हन क्राउसवाइक डच. त्याचे खांदे एवढे रुंद की त्याचेच देशबांधव त्याला कपड्यांचा हँगर म्हणतात. आजोबांनी हातातला ग्लास खाली ठेवला. दोन दिवसांत प्रथमच ठेवलेला मी पाहिला. "मी म्हणालो होतो," ते म्हणाले. ते डुमुलँ म्हणाले होते, पण पंच म्हणून मी आक्षेप घेतला नाही.

आधी दरीतून हेलिकॉप्टरचा आवाज आला. मग मोटारसायकली. मग लोक रस्त्यावर आले आणि रस्ता नाहीसा झाला. नारिंगी धुराची नळकांडी पेटली, गाणी थांबली आणि त्यांच्या जागी नुसता आवाज उरला. रिंगणात अश्व सुटल्यावर जो उठतो तसा. (वारीची उपमा द्यायची नाही असं भाच्याने मला बजावलं होतं, इथे येणारा प्रत्येक मराठी माणूस देतो म्हणे.) मी टाचा उंचावल्या. समोर एक झेंडा होता, झेंड्यामागे कुणाची तरी टक्कल पडलेली टाळू, आणि त्या दोहोंच्या फटीतून मला एक रुंद खांदा दिसला. खांदा निघून गेला. बस्स. हजार किलोमीटर, दोन दिवस, आणि एक खांदा.

मागोमाग मोठ्यांचा घोळका आला. फ्रूमला हुर्यो मिळाली. त्याचं दम्याच्या औषधाचं प्रकरण शर्यतीच्या तोंडावर निकाली निघालं होतं, पण घाटावरच्या न्यायालयात ते अजून चालूच होतं. पिवळं काहीतरी दिसलं, तो थॉमस असावा. पंधरा सेकंद, फार तर वीस. मग सगळे एकमेकांना विचारू लागले, "काय झालं?"

पुन्हा खिडकी सरकली. आजी सगळं सांगत होत्या. क्राउसवाइकला साडेतीन किलोमीटर बाकी असताना गाठलं. आमच्या थोडं वरच्या बाजूला व्हिन्चेन्झो निबालीची सायकल प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकली आणि तो पडला. तरी उठून तेरा सेकंदांच्या फरकाने पोचला. पाठीचा मणका मोडल्याचं नंतर निघालं आणि त्याची टूर तिथेच संपली. या घाटाला तशी सवय आहे. १९९९ साली ज्युसेप्पे ग्वेरिनी एकटा पुढे असताना एक हौशी छायाचित्रकार बरोबर त्याच्यासमोर फोटो काढायला उभा राहिला. ग्वेरिनी त्याच्यावर आदळला, पडला, उठला आणि तरीही जिंकला. एवढा वेळ वाट बघितल्यावर आपण शर्यत बघत नसून शर्यतीतच आहोत असं माणसाला वाटू लागत असावं.

जिंकला थॉमस. डुमुलँ दुसरा. तंबूतला वेल्सवाला रडत होता. ज्या एकमेव व्यक्तीने पूर्ण शर्यत पाहिली ती खुर्चीतून उठलीही नव्हती, आणि तिच्या खुर्चीला हात होते.

आम्ही मात्र हललो नाही, आणि मला विचाराल तर बघण्यासारखं पुढेच होतं. अर्धा तास मागून शेवटचे आले. बाटल्या वाहून दमलेले घरगडी आणि सपाटीवर विजेसारखे पळणारे पण घाटात पोत्यासारखे झालेले गडी. ठरलेल्या वेळेत पोचलं नाही तर बाद, म्हणून मान खाली घालून रेटत होते. यांचे चेहरे दिसत होते. एकाच्या ओठांवर मिठाची पांढरी रेघ होती. लोक त्यांना पाठीला हात लावून ढकलत होते, जे नियमात बसत नाही. आदल्याच आठवड्यात लागोपाठ दोन टप्पे जिंकलेला डच डायलन ग्रूनवेगन त्यांच्यात नव्हता. त्याने वाटेतच सोडून दिलं होतं. सगळ्यांच्या शेवटी ती गाडी येते जिचं नाव झाडू.

पुढच्या वर्षी आजोबा टूरच्या तीन्यच्या टप्प्याला गेले नाहीत याचं मला बरं वाटलं. २०१९च्या जुलैत तिथल्या चढावर माणसं अशीच आधीपासून खुर्च्या टाकून बसली होती. गारा पडल्या, रस्त्यावर दरड आली, आणि पंचांनी शर्यत इझरानच्या घाटाखालीच थांबवून माथ्यावरची वेळ ग्राह्य धरली. एगान बेर्नालला पिवळा शर्ट मिळाला. तीन्यच्या चढावर कुणीच आलं नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये भाच्याचा फोन आला. महिलांच्या टूरचा शेवटचा टप्पा आल्प द्युएझला होता आणि आजोबा या खेपेला घरीच थांबले होते. गुडघे. डच डेमी व्होलरिंग पस्तीस वर्षांनी घाट जिंकली. आजोबा खुर्चीतून उठून नाचले. मग आजींनी त्यांना बसवलं आणि एकूण वेळ सांगितली. पोलंडची काशा निएव्हियादोमा मागून आली होती, पण टूर तिचीच झाली होती. चार सेकंदांनी.

तेव्हा कुणी जाणार असाल तर दोन दिवस आधी पोचा, हात असलेली खुर्ची घ्या आणि जमलं तर आजींच्या खिडकीजवळ जागा धरा. सातव्या वळणावर आजोबा भेटले तर काखेतल्या कळशाची म्हण खुशाल म्हणून दाखवा, पाठ आहे त्यांना. चार सेकंदांचं तेवढं काढू नका.